जोड कोणी लावली?

उतारवयातला मुष्टियोद्धा हरला की क्रीडापानं एकच आरोपी पकडतात : काळ. 'काळापुढे कोणाचं चालतं' असं लिहिलं की मोकळं होता येतं. काळावर खटला भरता येत नाही, त्याचा परवाना रद्द होत नाही आणि तो खुलासाही पाठवत नाही. मला मात्र अशा लढतींत काळापेक्षा भलत्याच मंडळींचे हात जास्त दिसतात.

२ ऑक्टोबर १९८०ची लढत घ्या. लास व्हेगासचं सीझर्स पॅलेस. मुहम्मद अली ३८ वर्षांचा, समोर ३० वर्षांचा विश्वविजेता लॅरी होम्स. त्याच वर्षी जानेवारीत अली भारतात येऊन गेला होता. दिल्लीत आपल्या कौरसिंगबरोबर चार फेऱ्यांची प्रदर्शनी लढतही खेळला होता. तेव्हा तो निवृत्त आणि सुटलेला होता. ऑक्टोबरमध्ये रिंगणात आला तो पोट आत गेलेला, पिकले केस काळे केलेला. पाहणाऱ्यांना वाटलं, जुना अली परत आला. खरं तर त्याला थायरॉइडच्या गोळ्या दिल्या होत्या आणि त्या त्याने सांगितल्यापेक्षा जास्त घेतल्या होत्या. वजन उतरलं आणि त्याबरोबर दमही उतरला.

त्याआधी मेयो क्लिनिकमध्ये त्याची तपासणी झाली होती. एका पायावर उडी मारताना अपेक्षित चपळाई दिसत नाही, बोट नाकाला लावताना नेम किंचित चुकतो, अशा नोंदी त्या अहवालात होत्या. तरी नेवाडाच्या आयोगाने परवाना दिला. स्वतःच्या नाकाचा नेम चुकणाऱ्या माणसाला होम्सच्या नाकाचा नेम धरायला पाठवलं.

दहा फेऱ्या झाल्या आणि तिन्ही पंचांनी दहाच्या दहा होम्सला दिल्या. हा होम्स कोण? पेनसिल्व्हेनियात डिअर लेकला अलीचा सरावतळ होता, तिथे पगारावर अलीशी सराव करणारा पोरगा. आता तोच मारता मारता रेफ्रीकडे बघत होता, थांबवा म्हणून. शेवटी अलीचा प्रशिक्षक अँजेलो डंडी यानेच दहाव्या फेरीनंतर आपल्या माणसाला पुढे जाऊ दिलं नाही. होम्स जिंकला आणि रडला.

अलीचं नेमकं काय गेलं होतं? पाय. तरुणपणी तो हात कमरेशी सोडून लढायचा आणि ठोसा आला की मान मागे घ्यायचा. कुठल्याही तालमीत पोराने असं केलं तर आधी कानाखाली बसेल. अलीला ते खपून गेलं, कारण डोळ्यांनी हेरलेला ठोसा पाय चुकवून द्यायचे. त्यामुळे हात वर ठेवून बचाव करणं त्याच्या अंगवळणी कधी पडलंच नाही. पाय मंदावले तेव्हा खाली धरायला दुसरं काही नव्हतं, हनुवटीच तेवढी उरली. ती भक्कम होती, हे त्याचं दुर्दैव. कच्ची असती तर लवकर आडवा झाला असता आणि मार कमी खाल्ला असता.

इथे कोणीतरी हमखास जॉर्ज फोरमनचं नाव काढतं. ४५ व्या वर्षी, ५ नोव्हेंबर १९९४ला, त्याने मायकेल मूररला दहाव्या फेरीत लोळवून विजेतेपद परत मिळवलं. खरं आहे. पण तोवरच्या नऊ फेऱ्यांत फोरमन गुणांवर मागे होता. त्याचं भांडवल ठोशातली ताकद, आणि मुष्टियुद्धात ताकद सगळ्यांत शेवटी जाते. पाय आधी, नजर आणि हात यांचा मेळ त्यानंतर. फोरमनच्या त्या एका ठोशाने पुढच्या किती चाळिशीतल्या योद्ध्यांना नादाला लावलं असेल कोण जाणे.

आता मुद्द्यावर येतो. क्रिकेटमध्ये खेळ उतरला की निवड समिती वगळते. आपण तिला शिव्या घालतो, पण दार लावणारं कोणी असतं. व्यावसायिक मुष्टियुद्धात उलटा हिशेब. खेळ उतरला आणि नाव मात्र चढंच राहिलं, की त्या दोहोंमधल्या फटीत पैसा असतो. वर येणाऱ्या पोराला मोठं नाव हवं असतं, त्या नावामागचा जुना ठोसा नको असतो. उतरलेला विजेता या मागणीला बरोब्बर बसतो. म्हणजे त्याचा खेळ उतरला असूनही नव्हे, उतरला म्हणूनच त्याला बोलावणं येतं. गावच्या जत्रेतल्या मैदानावरही वस्ताद जोड लावताना वय, खांदा, मनगट बघतो. जोड विजोड लागली तर कडेला बसलेले जुने पैलवान तोंडावर बोलून दाखवतात. इथे विजोड जोडीचंच तिकीट जास्त विकलं जातं.

आणि उतरलेल्याला पैसा लागतोच. जो लुईने युद्धकाळात, १९४२ साली, दोन लढतींची कमाई नौदलाच्या आणि लष्कराच्या मदतनिधीला देऊन टाकली. तरी प्राप्तिकर खात्याने त्या रकमेवर कर लावला. थकबाकी फुगत गेली आणि निवृत्त झालेला लुई पुन्हा रिंगणात आला. २६ ऑक्टोबर १९५१ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रॉकी मार्सियानोने आठव्या फेरीत त्याला दोरांबाहेर फेकलं. लुई ३७ वर्षांचा होता. त्याला दैवत मानणारा मार्सियानोही नंतर रडला. जिंकलेल्याने रडायचं, असा दुसरा खेळ मला तरी आठवत नाही.

नाही म्हणणारे अगदीच नव्हते असं नाही. २९ सप्टेंबर १९७७ला अली अर्नी शेव्हर्सशी पंधरा फेऱ्या लढला आणि जिंकला. जिंकला, तरी गार्डनच्या लढती ठरवणारे टेडी ब्रेनर यांनी जाहीर केलं की यापुढे इथे अलीची लढत लावणार नाही. अलीचे डॉक्टर फर्डी पचेको यांनी मूत्रपिंडाचा अहवाल अलीला, त्याच्या पत्नीला आणि व्यवस्थापकाला पाठवला. कोणाचंच उत्तर आलं नाही, तेव्हा ते गोतावळा सोडून निघून गेले. ब्रेनर यांचं गिऱ्हाईक दुसऱ्यांनी घेतलं, एवढाच काय तो परिणाम. होम्सच्या लढतीसाठी अलीला ८० लाख डॉलर देऊ केले होते. पुढे अमेरिकेत परवान्याची पंचाईत झाली तेव्हा जोड बहामाला नेली. ११ डिसेंबर १९८१, नासाऊ, समोर ट्रेव्हर बर्बिक. फेरीची घंटाही कोणी आणली नव्हती, गाईच्या गळ्यातली घंटा वाजवून काम भागवलं. दहा फेऱ्यांनंतर निकाल एकमताने बर्बिककडे.

होम्सने हे सगळं सर्वांत जवळून पाहिलं होतं. तरी जानेवारी १९८८मध्ये, तोही ३८ वर्षांचा असताना, माइक टायसनसमोर उभा राहिला आणि चौथ्या फेरीत संपला. आणि टायसन? जून २००५मध्ये केव्हिन मॅकब्राइडसमोर सहाव्या फेरीनंतर स्टुलावरून उठलाच नाही. वय ३८.

आपली मेरी कोमही टोकियोत ३८चीच होती. २९ जुलै २०२१ला इन्ग्रिट वॅलेन्सियाकडून ती ३-२ने हरली. त्याच वॅलेन्सियाला मेरीने आधी दोनदा हरवलं होतं. शेवटच्या दोन फेऱ्या मेरीच्या नावावर, पण पहिल्या फेरीत वॅलेन्सियाने घेतलेली आघाडी काही फिटली नाही. आपण हरलो हे तिला रिंगणात कळलंही नव्हतं. हरली, पण ही जोड सोडतीने लागली होती, तिचं नाव कोणी विकत घेतलं नव्हतं. शिवाय हौशी मुष्टियुद्धात चाळिशीला दार बंद होतं. नियम कडक आहे, मेरीला तो जाचलाही. मी त्या नियमाच्या बाजूने आहे.

व्यावसायिकांचा मामला वेगळा. पणजीला मांडवीतल्या कॅसिनो बोटीवर मार्च २०२१मध्ये विजेंदर सिंग पहिल्यांदा हरला, तेव्हा जोड लावणाऱ्यांचाच अंदाज चुकला, एवढं म्हणता येईल. पण १५ नोव्हेंबर २०२४ला टेक्ससमध्ये कोणाचाही अंदाज चुकला नाही. ५८ वर्षांचा टायसन आणि २७ वर्षांचा यूट्यूबर जेक पॉल. स्टेडियममध्ये सत्तर हजारांवर लोक, बाकीचं जग नेटफ्लिक्सवर. फेऱ्या तीनऐवजी दोन मिनिटांच्या. ग्लोव्हज नेहमीच्या दहाऐवजी चौदा औंसांचे, म्हणजे जास्त जाड. लढणारा आता तीन मिनिटं आणि पातळ ग्लोव्हज झेपणारा राहिलेला नाही, हे या अटींतच कबूल होतं. तरी राज्याच्या परवाना खात्याने ही प्रदर्शनी न मानता रीतसर व्यावसायिक लढत ठरवली. आठ फेऱ्यांत टायसनचे अठरा ठोसे लागले. त्याच्या खात्यात सातवा पराभव जमा झाला. पॉलच्या खात्यात 'माइक टायसनवर विजय' अशी नोंद आहे, आणि तिच्यापुढे वयाचा रकाना नसतो.