साबणाचा फेस लावा, काडी लावू नका

वस्तीतल्या घरांतून चूल गेली, रॉकेलचा स्टोव्ह गेला आणि गॅस आला. आपल्या आयाबहिणींच्या डोळ्यांतला धूर गेला, ही मोठी गोष्ट आहे. 2016 पासून उज्ज्वला योजनेतूनही अनेक घरांत गॅस पोचला. पण जोडणी आली तशी तपासणी आली नाही. गॅसची तपासणी हा आपला हक्क आहे. तो एजन्सीकडे मागायचा आणि रोजची तपासणी आपल्या हातात ठेवायची, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपली घरे कशी आहेत ते पाहा. दहा बाय बाराची खोली. ओट्याखाली सिलिंडर, समोरच्या भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा, पुढे वंदनेची मेणबत्ती आणि अगरबत्ती. स्वयंपाक, झोप आणि वंदना एकाच खोलीत. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर निघून जात नाही, जमिनीलगत, खाटेखाली, मोरीत साचतो. म्हणून वरची खिडकी उघडून भागत नाही, दार उघडावे लागते. आणि भिंतीला भिंत लागून असल्यामुळे एका घरातली गळती साऱ्या ओळीच्या जिवावर येते.

“इतकी वर्षे वापरतोय, काही झालं नाही,” असे पुष्कळजण म्हणतात. कालाम सुत्तात बुद्धांनी हेच सांगितले आहे, की ऐकीव आहे किंवा चालत आले आहे एवढ्यावर काही मानू नका, स्वतः पारखून घ्या. “गळती झाली तर वास येईलच,” हेही असेच ऐकीव. एलपीजीला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचे वासाचे रसायन मिसळतात. पण सर्दी झालेल्याला, झोपलेल्याला, वयोवृद्ध माणसाला तो वास येईलच असे नाही.

पारखायची रीत सोपी आहे. सिलिंडर नेहमी उभा ठेवा आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर. नळी आयएसआय मार्कची, दीड मीटरपेक्षा लांब नसलेली आणि मध्ये कुठे जोड नसलेली हवी. नळीवरची तारीख वाचा. पाच वर्षे झाली की ती बदला, चिरलेली किंवा कडक झालेली दिसली तर आधीच बदला. नवा सिलिंडर लावताना व्हॉल्व्हमधला काळा रबरी वॉशर जागेवर आहे ना ते पाहा. घरातली मेणबत्ती, अगरबत्ती विझवून रेग्युलेटर बसवा. शेगडीची बटणे बंद ठेवून रेग्युलेटर चालू करा आणि सांध्यांना, नळीच्या दोन्ही टोकांना व पूर्ण लांबीला साबणाचा फेस लावा. बुडबुडे फुगू लागले तर गळती आहे. रेग्युलेटर बंद करून काढा, टोपी लावा, सिलिंडर उघड्यावर न्या. काडी पेटवून कधीही तपासू नका. शेगडीची ज्योत निळी हवी. ती पिवळी पडून भांडी काळी होऊ लागली तर बर्नर साफ करून घ्या, कारण अर्धवट जळणाऱ्या गॅसातून विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर एक अक्षर आणि वर्ष असते. ए म्हणजे मार्चपर्यंत, बी जूनपर्यंत, सी सप्टेंबरपर्यंत, डी डिसेंबरपर्यंत. मुदत उलटलेला सिलिंडर परत करा. घरपोच देताना वजन करून आणि गळती तपासून द्यायचा असतो. आपल्या गल्लीत मात्र तो कोपऱ्यावरच उतरवला जातो. आणून देणारा पोरगाही आपल्यासारखाच कष्टकरी आहे, त्याच्याशी भांडू नका. दहा घरांनी मिळून एजन्सीला लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

भाड्याच्या खोलीत राहणारे काहीजण मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात गॅस भरून घेतात. हे फार धोक्याचे आहे. पत्त्याचा पुरावा नसल्यामुळे ही वेळ येते, हे आम्ही जाणतो. पण 5 किलोचा कायदेशीर सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. विहारातल्या तरुणांनी अशा भाडेकरूंना तो मिळवून द्यायला मदत करावी.

आमची एक सूचना आहे. वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ग्रंथाच्या वाचनासाठी आपण विहारात जमतो. त्यातली एक संध्याकाळ गॅसच्या तपासणीला द्या. फेस लावून कसे पाहायचे ते सर्वांना दाखवा आणि मग दोन-दोन जण घरोघर जाऊन नळ्यांच्या तारखा लिहून घ्या. ज्या घराला नवी नळी परवडत नाही, तिथे विहाराच्या दानातून ती घ्यावी. आणि ही संध्याकाळ फक्त महिला मंडळाची नसावी. जेवण सगळे जेवतात, तर तपासणी पुरुषांनीही शिकली पाहिजे.

एवढे करूनही वास आला, तर विजेचे बटण चालू करू नका, बंदही करू नका. मेणबत्ती विझवा, रेग्युलेटर बंद करा, दार उघडा, लेकराबाळांना बाहेर काढा आणि बाहेर येऊनच 1906 वर फोन करा. आग लागली तर 101. कुणी भाजले तर जखमेवर वीस मिनिटे साधे गार पाणी सोडा. टूथपेस्ट, हळद, तूप, बर्फ काही लावू नका, थेट दवाखाना गाठा. अपघाताची खबर एजन्सीला लगेच लेखी द्या. नोंदणी असलेल्या ग्राहकांसाठी तेल कंपन्यांचा विमा असतो, त्याचा हप्ता आपल्याला वेगळा भरावा लागत नाही. ही माहिती लिहून घ्या आणि आज संध्याकाळीच आपल्या घरची नळी पाहा.

जय भीम.