संकोचाची किंमत

र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले, त्यास आता शंभराहून अधिक वर्षे लोटली. या कार्यापायी त्यांची प्राध्यापकी गेली. १९२७ साली काढलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाने त्यांना अश्लीलतेच्या आरोपाखाली न्यायालयात उभे केले. आणि १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसारखा वकील लाभूनही दंड चुकला नाही. आज हा विषय काढणाऱ्यास कोणी न्यायालयात खेचत नाही. परंतु निरोधाचे पाकीट घ्यावयास आलेला सुशिक्षित गृहस्थ शेजारचे गिऱ्हाईक निघून जाईपर्यंत खोकल्याच्या गोळ्यांची चौकशी करीत उभा राहतो, आणि दुकानदारही ते पाकीट काळ्या पिशवीत घालूनच हाती देतो. कायदा निवळला, संकोच निवळला नाही.

हा संकोच केवळ विनोदाचा विषय असता, तर त्यासाठी आम्ही ही जागा खर्ची घातली नसती. भारताने १९५२ साली कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, तो जगातील पहिला होय. १९६८ साली सरकारने ‘निरोध’ पाच पैशांत खेडोपाडी पोहोचविण्याची योजना सुरू केली. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित जोडप्यांपैकी ९.५ टक्के जोडपीच हे साधन वापरताना आढळली. मागील पाहणीतील ५.६ टक्क्यांच्या मानाने ही प्रगती खरी. पण त्याच पाहणीत स्त्रियांच्या शस्त्रक्रियेचे प्रमाण ३७.९ टक्के आणि पुरुषांच्या शस्त्रक्रियेचे अवघे ०.३ टक्के आहे. पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी असता हे चित्र आहे! कुटुंब दोघांचे, नियोजनाचा भार मात्र एकटीवर, असाच याचा अर्थ नव्हे काय?

निरोध बेभरवशाचा आहे, अशी सबब नेहमी पुढे केली जाते. ती तपासून पाहू. दर वेळी आणि योग्य रीतीने वापर झाल्यास वर्षभरात शंभरांपैकी सुमारे दोन स्त्रियांनाच गर्भ राहतो. प्रत्यक्ष व्यवहारात हा आकडा तेराच्या घरात जातो. दोन आणि तेरा यांमधील अंतर बहुतांशी रबराच्या दोषाचे नसून वापरणाऱ्याच्या अज्ञानाचे व आळसाचे आहे. शिवाय गर्भ आणि रोग या दोहोंपासून एकाच वेळी रक्षण करणारे साधन हेच. गोळ्या, तांबी वा शस्त्रक्रिया यांनी एचआयव्ही किंवा परमा यांचा संसर्ग अडत नाही. कातडीच्या स्पर्शाने पसरणाऱ्या काही रोगांपासून निरोधाचे संरक्षण अपुरे पडते, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

योग्य रीत म्हणजे काय, हे स्पष्ट शब्दांत लिहिण्यात आम्हांस कमीपणा वाटत नाही. पाकिटावरील मुदत पाहावी. ते दातांनी वा कात्रीने फाडू नये. खिशातील पाकिटात किंवा उन्हात तापणाऱ्या मोटारीत महिनोन्‌महिने ठेवलेला निरोध वापरू नये. शिश्न ताठ झाल्यावर, कोणताही संबंध येण्यापूर्वी, टोक चिमटीत धरून आतील हवा काढावी व तो मुळापर्यंत उलगडावा. उलटा लागल्यास तोच सुलटा करून वापरू नये, नवा घ्यावा. खोबरेल तेल वा व्हॅसलिन यांनी रबर कमजोर होते; वंगण हवेच असल्यास तेलकट नव्हे, पाण्यावर आधारलेले घ्यावे. एकावर एक असे दोन चढविल्याने रक्षण वाढत नाही, उलट घर्षणाने फाटण्याचा संभव वाढतो. वीर्यस्खलनानंतर ताठरपणा जाण्यापूर्वी कडा धरून बाहेर यावे, आणि तो कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकावा. प्रत्येक वेळी नवा, हा नियम अपवादरहित आहे. रबराचे वावडे असणाऱ्यांसाठी अन्य द्रव्याचे निरोधही मिळतात.

इतके करूनही तो फाटला, तर मनस्ताप करीत बसू नये. गर्भ टाळण्याची तातडीची गोळी तीन दिवसांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. एचआयव्हीची शंका असल्यास प्रतिबंधक औषधेही ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागतात, म्हणून त्वरित डॉक्टरांकडे जावे.

हे सारे तरुणांना कोणी सांगावयाचे? २००७ साली महाराष्ट्रासह काही राज्यांनी किशोरवयीनांच्या शिक्षणाचा केंद्रीय कार्यक्रम शाळांत अडविला. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने निरोधाच्या जाहिराती दूरचित्रवाणीवर रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतच दाखवाव्यात अशी सूचना काढली. मुले बिघडतील, ही भीती त्यामागे होती. आम्ही काही वर्षे शाळेत शिकविले आहे. जो प्रश्न वर्गात विचारू दिला जात नाही, तो वर्गाबाहेर विचारला जातोच; फरक एवढाच की, त्याचे उत्तर मग अडाणी सोबत्याकडून मिळते.

सरकारने काय करावे याची यादी मोठी आहे. तिची वाट पाहण्याचे कारण नाही. विवाहयोग्य मुलाशी बापाने एकदा मोकळेपणी बोलावे, डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता सांगावे, आणि दुकानदाराने ती काळी पिशवी बाजूला ठेवावी. कर्व्यांच्या पिढीने दंड भरला, तो न्यायालयात. आपल्या संकोचाचा दंड मात्र घरातील स्त्री भरते आहे, आणि त्याची पावतीही तिला कोणी देत नाही.