मनाचा तास आणि मागच्या बाकावरचा प्रश्न

नाशिकमधल्या एका माध्यमिक शाळेत नववीच्या मुलींशी मनाच्या आरोग्याविषयी बोलायला गेले होते. फळ्यावर कुणीतरी आधीच सुविचार लिहून ठेवला होता : मन खंबीर, तर यश आपले! झोप उडते, भूक जाते, कशातच जीव रमत नाही, असं दोन आठवडे सतत राहिलं तर तो आळस नव्हे, नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत, एवढं मी सांगितलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "ताई, हे घरी कळलं तर शाळा बंद करतील ना?"

मी गप्प झाले. आदल्या वर्षी त्याच शाळेत एका मुलीने शिक्षिकेपाशी मन मोकळं केलं होतं. बाईंनी काळजीपोटी आईवडिलांना बोलावलं. दिवाळीनंतर मुलगी वर्गात दिसली नाही. 'लग्न झालं की होईल ठीक' हा आपल्याकडचा जुना इलाज. (मुलग्यांवरही तोच करतात, भोगते मात्र सून.)

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२१च्या अहवालात १३,०८९ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. त्यात महाराष्ट्र पहिला. अशा आकड्यांवर परीक्षा, गुण, क्लास यांची चर्चा होते. त्याच अहवालात 'गृहिणी' या रकान्यात २३ हजारांहून अधिक मृत्यू आहेत. त्या वर्षी आत्महत्या केलेल्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त. शाळा सुटलेली मुलगी एका रकान्यातून दुसऱ्यात जाते, आणि विद्यार्थ्यांसाठीच्या योजनांत तिला जागा उरत नाही.

म्हणून हा तास प्राणायामाबरोबर उरकून चालणार नाही. मुलींना कायदाही सांगा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ने उपचार आणि गुप्तता हे हक्क मानले आहेत. अठरा वर्षांखालच्या मुलीचे प्रतिनिधी पालकच, हे खरं. पण ते तिच्या हिताविरुद्ध वागत असतील तर दुसरी व्यक्ती नेमण्याची सोय त्यात आहे. टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक वहीत लिहून द्या. मात्र घरातला एकमेव मोबाइल भावाच्या खिशात असतो, हेही लक्षात असू द्या. शाळेतला फोन त्यासाठी मोकळा ठेवता येईल.

आणि शिक्षकांना आधी शिकवा, की मुलीला विचारल्याशिवाय घरी निरोप धाडायचा नाही. जिवाला धोका असेल तर सांगावंच लागेल. पण कुणाला, ते तिच्याशी बोलून ठरवा. कधी आई असेल, कधी मावशी.

पालकसभाही घ्या. वडिलांना नाव घालून चिठ्ठी पाठवा, नाहीतर आयाच येतात.