खेळ चांगला, पण वस्ताद कुठे?

'फायटिंग गेम' म्हटले की घरातल्या आयांच्या कपाळावर आठ्या चढतात. मारामारी बघून मुले बिघडतील, डोळे जातील, दहावीचे वर्ष वाया जाईल, ही यादी तयारच असते. यातली निम्मी भीती रास्त आहे, हे मान्य. पण ज्या घरात ही भीती बोलून दाखवली जाते, त्याच घरातले आजोबा आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्या ठरल्या की दुपारपासून जागा धरून बसतात. तिथे त्याला कोणी मारामारी म्हणत नाही. मराठीत 'डाव' म्हणतात, कन्नडमध्ये 'पट्टु' म्हणतात आणि टाळ्या दोन्ही भाषांत सारख्याच पडतात.

तर वाचकहो, आज आखाड्याच्याच नजरेने एका व्हिडिओ गेमकडे बघूया. नाव 'स्ट्रीट फायटर ६'. जपानमधल्या ओसाका शहरातली कॅपकॉम ही कंपनी तो बनवते. या घराण्यातला पहिला खेळ १९८७ साली आला, नाव झाले ते १९९१ च्या दुसऱ्या खेळाने, आणि हा सहावा आला २ जून २०२३ रोजी. आमच्या पिढीतल्या ज्यांनी बसस्टँडजवळच्या पार्लरमध्ये टोकन टाकून 'मुस्तफा' खेळला आहे, त्यांना कंपनीचे नाव ठाऊक नसले तरी तिची ओळख जुनीच आहे. तो खेळही तिचाच. अमेरिकेत या सहाव्या खेळावर तेरा वर्षांवरील मुलांसाठी असा शिक्का आहे. लहान भावंडांनी फार तर बाजूला बसून बघावे.

आमच्या घरी तो रविवारी दुपारी चालतो. मी आणि माझा पंधरा वर्षांचा मुलगा खेळतो, आणि धारवाडहून आलेल्या सासूबाई, म्हणजे त्याची अज्जी, शेंगा फोडत पंचगिरी करतात. त्यांना त्यातली बटणे कळत नाहीत. कोण घाबरून खेळतोय ते मात्र बरोबर कळते.

आधी गुण सांगतो. या जातीच्या खेळात पूर्वी मोठी अडचण हाताची असायची. साधा आगीचा गोळा टाकायचा तर दांडी खाली, तिरकी, पुढे अशी फिरवून नेमक्या क्षणी ठोसा दाबावा लागे. निम्मी मुले तिथेच कंटाळून उठत. नव्या खेळात 'मॉडर्न' नावाची सोपी पद्धत आहे. एक बटण दाबले की तोच डाव पडतो. मात्र असा सोपा डाव टाकला तर त्याचा मार वीस टक्क्यांनी कमी होतो आणि काही साधे ठोसेही हातात राहत नाहीत. ज्याला जुन्या रीतीने मेहनत करायची आहे, त्याला 'क्लासिक' पद्धत खुली आहेच. सवलत द्यायची पण फुकट द्यायची नाही, हा हिशोब मला आवडला.

दुसरा गुण दमाचा. प्रत्येक लढवय्याकडे 'ड्राइव्ह' नावाची सहा घरांची पट्टी असते आणि फेरीच्या सुरुवातीला ती पूर्ण भरलेली असते. जोरदार धडक, झटक्यात पुढे धावणे, प्रतिस्पर्ध्याचा मार झेलून परतवणे, हे सारे त्याच पट्टीतून खर्च होते. पट्टी संपली की तो हाशहुश करत उरतो. मग नुसता बचाव केला तरी प्रतिस्पर्ध्याचे खास डाव थोडे रक्त कमी करतात, आणि कोपऱ्यात धडक बसली तर भोवळ येते. म्हणजे पहिल्या मिनिटात सगळा जोर दाखवणारा पैलवान दुसऱ्या मिनिटात का पडतो, हे पोराला सांगावे लागत नाही, खेळच दाखवून देतो.

तिसरा गुण फारसा बोलला जात नाही. ज्यांना दिसत नाही अशा खेळाडूंसाठी यात आवाजाची वेगळी सोय आहे. प्रतिस्पर्धी किती लांब आहे, मार वर बसला की खाली, हे निरनिराळ्या आवाजांवरून कळते. शिवाय नवख्यांसाठी सामन्याला धावते समालोचन लावता येते. मैदानातला निवेदक डाव सांगतो तसेच ते चालते, फक्त हलगी तेवढी नाही. आणि लांबच्या माणसाशी इंटरनेटवरून खेळताना यंत्र समोरच्याच्या पुढच्या हालचालीचा अंदाज बांधून खेळ पुढे नेते आणि अंदाज चुकला तर क्षणार्धात दुरुस्त करते. त्यामुळे बरे कनेक्शन असेल तर परमुलुखातला खेळाडूही शेजारी बसल्यासारखा वाटतो. कनेक्शन बरे नसेल त्या दिवशी मात्र देवाचे नाव घ्यावे.

आता वैताग. पहिला वैताग कोपऱ्याचा. कोपऱ्यात सापडलेल्याला उचलून आपटायचे, तो उठतो न उठतो तोच पुन्हा उचलायचे. त्यातून सुटायचे तर समोरचा मारणार की उचलणार, हे ओळखावे लागते. ओळखणे कसले, छापा की काटा! जगभरच्या खेळाडूंनी या प्रकारावर नाके मुरडली आहेत. दुसरा वैताग वेगाचा. या खेळात एका सेकंदाचे साठ तुकडे पडतात. ती जोरदार धडक सुटून बसायला त्यातले सव्वीस तुकडे लागतात, म्हणजे अर्धा सेकंदही नाही. तेवढ्यात दिसायला हवे, कळायला हवे आणि उलट बटण दाबायला हवे. तिसरा वैताग खिशाचा. विकत घेतलेल्या खेळात पुन्हा नाणी विकत घेऊन कपडे घ्यायचे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये निन्जा कासवांचे चार पोशाख आले तेव्हा चारींची मिळून किंमत साठ डॉलरच्या आसपास गेली, म्हणजे जवळजवळ अख्ख्या खेळाएवढी. त्यावर बरीच आरडाओरड झाली. त्या कपड्यांनी डाव सुधारत नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे.

पण माझी खरी तक्रार चौथी आहे. या खेळात 'वर्ल्ड टूर' नावाचा लांबलचक कथेचा भाग आहे. आपला एक पुतळा बनवायचा, गावोगाव फिरायचे आणि नामांकित लढवय्यांचे शिष्य व्हायचे. चीनची चुन-ली आहे, जपानचा रयू आहे, आपल्या देशाचा म्हणून योगी धालसिमही आहे. त्याचे हात रबरासारखे लांबतात आणि तोंडातून आग निघते. १९९१ पासून भारताची ओळख म्हणून तेच चालले आहे, असो! गुरूला भेटवस्तू दिल्या, त्याचे डाव वापरले, की गुरू प्रसन्न होऊन नवे डाव देतो. गुरुदक्षिणेसकट सगळी मांडणी झकास. पण इथे जिंकायला खाऊ खाऊन रक्त भरून काढता येते आणि पुतळ्याची ताकद वाढवत नेता येते. वीस-तीस तास घालवून मूल बाहेर येते आणि खऱ्या माणसासमोर उभे राहते, तेव्हा कळते की ताकद पुतळ्याची वाढली होती, आपली नाही.

मग सुरू होतो हरण्याचा मोसम. 'रूकी'पासून 'मास्टर'पर्यंत आठ पायऱ्या आहेत आणि त्या चढताना सगळेच आपटतात. खेळ सोपा केला म्हणून हार सोपी होत नाही. मॉडर्न पद्धतीने दार उघडले, पण जिना होता तेवढाच उंच राहिला. तालमीत पोरगे चितपट झाले की वस्ताद पाठीवरची माती झटकतो, एक शिवी देतो आणि 'पट कुठे सोडलास?' म्हणून विचारतो. त्या एका प्रश्नाने पोरगे दुसऱ्या दिवशी पुन्हा येते. इथे हरल्यावर पडद्यावर गुण वजा होतात, समोरचा अनोळखी माणूस निघून जातो आणि खोलीत पोर एकटे उरते. मारामारीने मूल बिघडेल याची आपण काळजी करतो. मला धास्ती वाटते ती या एकट्याने पचवलेल्या पन्नास पराभवांची. त्यातून काही मुले चिडकी होतात, काही नाद सोडून देतात, आणि दोघांनाही आपण 'गेममुळे झाले' म्हणून मोकळे होतो.

आमच्याकडे ही वस्तादगिरी अज्जींकडे गेली. नातू हरून कंट्रोलर गादीवर टाकतो तेव्हा त्या म्हणतात, "सोतरू परवागिल्ल. याके सोते, अदन्न हेळु." म्हणजे, हरलास तरी हरकत नाही, का हरलास ते सांग. मग त्याला सांगावेच लागते. सांगता सांगता त्याचे त्यालाच कळते की आपण तिन्ही वेळा उडी मारून आत गेलो आणि तिन्ही वेळा खालून ठोसा खाल्ला. झालेला सामना पुन्हा सावकाश बघायची, कोणते बटण कधी दाबले ते तपासायची सोय खेळात आहेच. ती उघडायला कोणीतरी शेजारी लागते, एवढेच.

वयाची सबब बाबालोकांनी सांगू नये. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत याच मालिकेतला पाचवा खेळ पदकासाठी होता, भारताचे खेळाडूही उतरले होते, आणि सुवर्णपदक नेले दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी, वयाच्या ४४ व्या वर्षी! आणि हा पोरखेळ आहे असे वाटत असेल तर २०२५ च्या मार्चमधला कॅपकॉम कप आठवा. तो टोकियोच्या रियोगोकू कोकुगिकानमध्ये झाला. तिथे एरवी सुमोच्या कुस्त्या होतात. जपान्यांनी आपला आखाडा या पोरांना दिला, आपण निदान सोफ्यावरची अर्धी जागा तरी घ्यावी.

एका टीव्हीसमोर दोघांनी खेळायला इंटरनेट लागत नाही, नाणीही लागत नाहीत. आमचा नियम असा आहे: आठवड्यातून एक दुपार, पाच सामने, आणि प्रत्येक सामन्यानंतर हरणाऱ्याने कारण सांगायचे. मराठीत किंवा कन्नडमध्ये, ज्या भाषेत राग लवकर निवळतो त्या भाषेत. अज्जींनी "इन्नोंदु सल" म्हटले तर सहावा.