खोली बायकोच्या नावावर केली, म्हणजे कर्ज सुटले काय?



कर्ज डोईजड झाले की वस्तीत एक सल्ला हटकून मिळतो. "खोली बायकोच्या नावावर कर, गावची जमीन भावाच्या नावावर कर, आणि मग कोर्टात जाऊन हात वर कर." सल्ला देणारा चहा पिऊन निघून जातो. निस्तरावे लागते ते सही करणाऱ्याला, आणि त्याहून अधिक ज्या माउलीच्या नावावर खोली केली तिला. म्हणून हा विषय आज जरा सविस्तर घेतला आहे.

प्रथम नादारी म्हणजे काय ते पाहू. ज्याला आपली देणी फेडणे अशक्य झाले आहे, त्याला कोर्टाकडे नादार ठरवून घेण्याचा अर्ज करता येतो. मुंबई शहरासाठी १९०९ चा कायदा आहे आणि अर्ज उच्च न्यायालयात होतो. बाकी महाराष्ट्रात १९२० चा कायदा चालतो आणि अर्ज जिल्ह्याच्या कोर्टात जातो. २०१६ साली दिवाळखोरीचा नवा कायदा झाला खरा. पण व्यक्तींच्या बाबतीत तो १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना. तुमच्या-आमच्यासारख्यांना ते जुने कायदेच पाहावे लागतात.

माणूस नादार ठरला की त्याची मालमत्ता सरकारी अधिकाऱ्याच्या ताब्यात जाते. मुंबईत त्याला ऑफिशियल असायनी म्हणतात, इतरत्र रिसीव्हर. तो मालमत्ता विकून धनकोंना हिश्श्याप्रमाणे वाटतो. पुढे कोर्टाने मुक्तता दिली की उरलेल्या बहुतेक देण्यांतून माणूस सुटतो. प्रामाणिक माणसाला पुन्हा उभे राहता यावे हाच या कायद्याचा हेतू आहे. पण त्याची पहिली अट अशी की, जे आहे ते सगळे कोर्टापुढे मांडले पाहिजे.

आता मुळ प्रश्न. समजा, एका कामगाराने दुकानासाठी पतपेढीचे ४ लाख आणि ओळखीच्या लोकांचे २ लाख घेतले. दुकान बसले. त्याने मार्च महिन्यात आपली मालकीची खोली बायकोला बक्षीसपत्राने दिली आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये नादारीचा अर्ज केला. मधे १५ महिने गेले. त्याला वाटते, खोली आता आपली नाही, सुटलो!

पण कायदा दोन वर्षे मागे पाहतो. दोन्ही जुन्या कायद्यांत तशी तरतूद आहे. नादारीच्या आधीच्या दोन वर्षांत मोबदला न घेता दिलेली मालमत्ता असायनी किंवा रिसीव्हर परत ओढू शकतो. जे हस्तांतर टिकते ते मुख्यतः खऱ्या खरेदीदाराचे. त्याने रास्त किंमत मोजलेली हवी आणि व्यवहार सचोटीचा हवा. मेहुण्याच्या नावावर खरेदीखत केले, कागदावर रक्कम लिहिली आणि पैसा हातात पडलाच नाही, तर तो व्यवहार टिकणे कठीण.

"मग दोन वर्षे थांबून अर्ज करू," असे कोणी म्हणेल. तेही सुरक्षित नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५३ सांगते की, धनकोंना बुडवण्याच्या किंवा लांबवण्याच्या इराद्याने केलेले हस्तांतर धनकोच्या मागणीवरून रद्द होऊ शकते. त्याला दोन वर्षांची ही मर्यादा नाही. शिवाय असे हस्तांतर करणे हेच 'नादारीचे कृत्य' मानले जाते. म्हणजे तुम्ही अर्ज केला नाही तरी धनको तेवढ्यावरून तीन महिन्यांच्या आत तुमच्याविरुद्ध अर्ज करू शकतो.

आणि हे लपत नाही. महाराष्ट्रात २०१५ साली राहते घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुले, नातवंडे यांना बक्षीस देण्याचे मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये करण्यात आले. सोय चांगली आहे. पण बक्षीसपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावेच लागते आणि त्यावर तारीख पडते. कर्ज थकल्याची तारीख पतपेढीच्या वहीत असते. दोन तारखा शेजारी ठेवल्या की इराद्याबद्दल वकिलाला फार बोलावे लागत नाही.

नात्यातल्यांचे पैसे आधी फेडण्याचेही तसेच आहे. इतर धनकोंना डावलून सासऱ्यांचे किंवा भावाचे उसने मुद्दाम चुकते केले आणि तीन महिन्यांच्या आत नादारीचा अर्ज झाला, तर तेही पैसे परत मागितले जाऊ शकतात.

यात नुकसान कोणाचे? माणसाची मुक्तता अडते, कारण लबाडी दिसली की कोर्ट ती नाकारू शकते. धनकोंना वाटणी मिळू नये म्हणून लबाडीने मालमत्ता दडवणे हा फौजदारी गुन्हाही आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि जिने कधी कोर्टाची पायरी चढली नाही, त्या पत्नीला नोटीस येते. तिला साक्ष द्यावी लागते, वकील करावा लागतो. जिला वाचवायला निघालो, तिलाच पुढे उभे केले असे होते.

दुसरी बाजूही ध्यानात घ्या. बक्षीस दिले की ते मनात आले म्हणून परत घेता येत नाही. भावाच्या नावावर केलेली जमीन संकट टळल्यावर भाऊ परत देईलच असे नाही. कर्ज तसेच राहिले आणि जमीनही गेली, शिवाय भाऊबंदकी वाढली, असा तिहेरी तोटा होतो.

मग घरच्यांचे रक्षण कसे करावे? पुष्कळसे रक्षण कायद्यानेच केलेले आहे, ते आधी जाणून घ्या.

पत्नीने कर्जाच्या कागदावर सहकर्जदार किंवा जामीन म्हणून सही केलेली नसेल, तर नवऱ्याचे कर्ज तिच्यावर येत नाही. तिच्या कमाईचे पैसे, माहेरचे दागिने हे तिचेच. मात्र त्याचे पुरावे, पावत्या, पासबुक तिच्या नावाने जपून ठेवावे. म्हणून भगिनींनो, समोर आलेल्या कागदावर न वाचता सही करू नका.

दिवाणी कायद्याच्या कलम ६० प्रमाणे अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे जप्त होत नाहीत. मजुराची मजुरी जप्त होत नाही. नोकरदाराच्या पगारातील पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. पगार १९,००० असेल तर १३,००० सुरक्षित, आणि जप्ती लागली तरी ती ६,००० पुरती. पतपेढीला पगारातून कपातीची लेखी संमती दिली असेल तर ती गोष्ट निराळी. प्रॉव्हिडंट फंडात असलेली रक्कमही जप्त करता येत नाही. म्हणून घाबरून फंड काढून सावकाराच्या हातावर ठेवण्यापूर्वी दहा वेळा विचार करा.

सावकाराकडे परवाना आहे काय, तेही विचारा. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे बिनपरवाना सावकाराला कोर्टातून वसुली करता येत नाही. त्याची तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे करावी. मात्र घर बँकेकडे तारण असेल तर नाव बदलून तारण सुटत नाही, आणि नादारीनेही सुटत नाही, हे पक्के समजा.

आता करायचे काय? एका वहीत दोन रकाने पाडा. एका बाजूला कोणाचे किती देणे, दुसऱ्या बाजूला आपल्याकडे काय आहे. पत्नीला शेजारी बसवून लिहा. तिच्यापासून दडवलेले कर्जच घर जास्त पोखरते. ती वही घेऊन पतपेढीकडे, बँकेकडे हप्ते लांबवून मागा, तडजोड मागा. गेल्या दोन वर्षांत काही नावावर करून दिले असेल तर तेही वकिलाला न लपवता सांगा.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि अनुसूचित जातींच्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असले तरी मोफत कायदेशीर मदत मिळते. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचाही समावेश झाला आहे. जातीचा दाखला घेऊन जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा.

कर्जबाजारी होणे हा गुन्हा नाही. आजारपण, बुडालेला धंदा, बंद पडलेली गिरणी यांनी भल्याभल्यांना कर्जात लोटले आहे. वहीत खरे आकडे असतील तर कोर्टापुढे ताठ मानेने उभे राहता येते. खोट्या दस्ताने मात्र राहते घरही जाते आणि घरातल्या माणसांचा विश्वासही जातो. सही करण्याआधी एवढे ध्यानात ठेवा.