टोकियोतला स्पायडर-मॅन आणि अपराधाचे ओझे

१. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांनी १९६२ साली स्पायडर-मॅनला जन्म दिला. पुढे १९७० साली जपानमधील कोदान्शा प्रकाशनाच्या मासिकात चित्रकार र्‍योइची इकेगामी यांनी हाच नायक टोकियोत आणला. पीटर पार्करच्या जागी आला यू कोमोरी हा एकलकोंडा शाळकरी मुलगा. पोशाख तोच, किरणोत्सर्गी कोळ्याचा दंशही तोच.

२. मात्र या दोघांच्या अपराधाची जातकुळी वेगळी आहे. पीटर एका चोराला रोखत नाही आणि तोच चोर त्याच्या काकांचा जीव घेतो. त्याचा अपराध निष्क्रियतेचा असल्याने प्रायश्चित्तही सरळ आहे : यापुढे शक्ती वापरायची, लोकांना वाचवायचे.

३. यू मात्र शक्ती वापरतो, आणि तिथेच त्याचा घात होतो. ज्या ‘इलेक्ट्रो’शी तो झुंजतो, तो त्याच्या पत्रमैत्रिणीचाच भाऊ निघतो आणि त्या झुंजीत प्राणास मुकतो. आता प्रायश्चित्त कोणते? अधिक शक्ती वापरणे हे तर त्याचे उत्तर होऊ शकत नाही.

४. पुढील कथांचे लेखन काझुमासा हिराई या विज्ञानकथाकाराकडे आले आणि मालिका अधिकच काळवंडली. हिंसा, वासना, तारुण्यातली घुसमट यांनी पाने भरली. काही कथांत तर स्पायडर-मॅन जेमतेम दिसतो. १९७१ साली मालिका थांबली.

५. ‘हा स्पायडर-मॅनच नव्हे’ हा आक्षेप म्हणूनच निराधार म्हणता येत नाही. मूळ नायकाचा मिस्कीलपणा येथे औषधालाही नाही, आणि ही उणीव वाचकाला जाणवतेच.

६. तरीही १९७८ सालच्या तोएई कंपनीच्या दूरचित्रवाणी मालिकेशी तुलना करावी. तिथे नायकाला एक अजस्र यंत्रमानव मिळाला. ती मालिका रंजक होती, परंतु मूळ कथेतील नैतिक पेच तिच्यात मागे पडला.

७. इकेगामींनी नेमका तोच पेच उचलला आणि उलटा करून पाहिला. शक्तीसोबत जबाबदारी येते, हे अमेरिकी कथेचे सूत्र. जबाबदारीने वापरलेल्या शक्तीनेही अनर्थ घडला तर काय, हा टोकियोतला प्रश्न. मूळ कथेला असा प्रश्न विचारणारे रूपांतर तिच्या हुबेहूब नकलेपेक्षा अधिक प्रामाणिक मानावे लागते.