दुर्बीण मोठी हवी की नेत्रिका चांगली?



गेल्या वर्षभरात आपल्या मंडळातल्या तिघींनी मला एकच गाऱ्हाणं सांगितलं. यजमान निवृत्त झाले, आकाशदर्शनाचा छंद लागला, दुर्बीण घरात आली. इथवर ठीक. पण वर्ष होत नाही तोच दुसरी, मोठी दुर्बीण हवी. तिच्यासाठी आणखी भिंगं हवीत. "हे थांबणार कुठे, ते तरी सांगा!" आमच्याही घरी हा छंद काही वर्षं मुक्कामाला आहे, तेव्हा माझं मत सरळच सांगते. खर्च करू द्या. मात्र मोठ्या दुर्बिणीवर नको, नेत्रिकेवर करू द्या. आणि ती नेत्रिका घरातल्या सगळ्यात अधू डोळ्याला चालेल अशी घ्यायला लावा.

नेत्रिका म्हणजे आयपीस. दुर्बिणीत आपण डोळा लावतो ती छोटी नळी. दुर्बिणीचं मोठं भिंग किंवा आरसा प्रकाश गोळा करतो आणि नेत्रिका ती प्रतिमा मोठी करून डोळ्याला देते. म्हणजे अर्धं काम तिचंच. पण दुर्बिणीसोबत खोक्यात फुकट येते ती नेत्रिका बहुतेक वेळा अगदीच साधी असते. चांगल्या तांदळाची खीर करावी आणि ती चहाच्या गाळण्यातून वाढावी, तसं काहीसं!

हिशेब सोपा आहे. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागलं की किती पट मोठं दिसणार ते कळतं. आमच्याकडे आठ इंची आरशाची दुर्बीण आहे, तिचं नाभीय अंतर 1200 मिलिमीटर. 25 मिलिमीटरची नेत्रिका लावली की 48 पट, 10 ची लावली की 120 पट, 6 ची लावली की 200 पट. आकडा लहान, वस्तू मोठी. दुकानदार मात्र खोक्यावर 500 पट, 600 पट असं छापून विकतात, त्याकडे ढुंकूनही पाहू नका. आपल्या डोक्यावरची हवा सतत हलत असते. साध्या रात्री 200-250 पटींच्या पुढे गेलं की शनी मोठा होतो खरा, पण पाण्यात पडलेल्या नाण्यासारखा थरथरतो.

आता मुद्द्याचं. दुर्बिणीपाशी बायकांची गोष्ट नेहमी एकच असते. सगळी मंडळी गच्चीवर, नातवंडं पुढे, पुरुष मधे, आणि आपण हात पुसत शेवटी. डोळा लावायचा, काळं वर्तुळ दिसायचं, पापणी फडफडायची, आणि "हो हो, छान दिसलं" म्हणून बाजूला व्हायचं. किती जणींनी असं खोटं कौतुक केलं असेल! आमच्या सासूबाईंनी मात्र तसं केलं नाही. ऐंशी ओलांडलेल्या बाईंनी चक्क सांगितलं, "मला काऽही दिसलं नाही. उगाच कशाला होय म्हणू?"

दोष त्यांच्या डोळ्यांत नव्हता. नेत्रिकेतून बाहेर पडणारा प्रकाश तिच्यापासून काही अंतरावर एकत्र येतो, डोळा नेमका तिथे हवा. साध्या प्लोसल प्रकारच्या नेत्रिकेत हे अंतर तिच्या नाभीय अंतराच्या साधारण 70 टक्के असतं. म्हणजे 10 मिलिमीटरच्या नेत्रिकेत फक्त 7 मिलिमीटर. चष्मा लावलेल्या माणसाला तिथे डोळा नेताच येत नाही, काच मधे आडवी येते. चष्मेवाल्यांना 15 ते 20 मिलिमीटर मोकळीक लागते, आणि तशी मोकळीक मुद्दाम ठेवलेल्या नेत्रिका मिळतात.

तुम्ही म्हणाल, चष्मा काढून पाहावं. नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर जरूर काढा. दुर्बिणीचं चाक फिरवून तो नंबर भरून निघतो. पण सिलिंडरचा नंबर जास्त असेल तर चाक फिरवून काही होत नाही, तारा तुतारीच्या तोंडासारखा पसरलेलाच दिसतो. तेव्हा नेत्रिका घेण्याआधी सासूबाईंच्या, आईच्या, स्वतःच्या चष्म्याचा कागद काढून बघा. एक स्वस्तातली युक्तीही आहे. जवळ 25 ची साधी नेत्रिका असेल तर तिच्याखाली दुपटीचा बार्लो लावायचा. मोठेपणा दुप्पट होतो आणि डोळ्याची मोकळीक 25 च्या नेत्रिकेसारखी ऐसपैस राहते. सासूबाईंना शनी असाच दिसला. त्यांनी "हा चिकटवलेला तर नाही ना?" म्हणून नळीत वाकून पाहिलं.

दुसरी गोष्ट वेळेची. पृथ्वी फिरते म्हणून दुर्बिणीतला ग्रह सरकत राहतो. मोटर नसलेल्या दुर्बिणीत साध्या नेत्रिकेचं दृश्य 50 अंशांचं धरलं, तर 200 पटींना शनी या कडेपासून त्या कडेपर्यंत बरोब्बर एका मिनिटात निघून जातो. ज्याचे गुडघे ठीक आहेत त्याला एक मिनिट पुष्कळ. पण स्टुलावर हात टेकून, पदर सावरून, चष्मा नीट करून वाकेपर्यंत अर्धं मिनिट गेलेलं असतं. 82 अंशांची नेत्रिका असेल तर तोच शनी दीड मिनिटाहून जास्त थांबतो. या 82 अंशांमागे अमेरिकेतले अल नॅग्लर आहेत. अपोलोच्या अंतराळवीरांना चंद्रावर उतरण्याचा सराव जमिनीवर देणाऱ्या यंत्राची भिंगं त्यांनी आखली होती, खिडकीतून पाहिल्यासारखं मोठं दृश्य देणारी. 1977 मध्ये त्यांनी टेलिव्ह्यू ही कंपनी काढली आणि तीच समज नेत्रिकेत आणली. त्यांच्याकडच्या काही नेत्रिकांची किंमत एका आख्ख्या आठ इंची दुर्बिणीएवढी असते, ती काही आपल्याला नको. 60-70 अंशांच्या बऱ्यापैकी नेत्रिका त्याहून कितीतरी कमी पैशांत येतात.

आणि बी.कॉम. म्हणून सांगते, घसाऱ्याचा विचार करा. बहुतेक नेत्रिकांची नळी सव्वा इंच, नाहीतर दोन इंच, या ठरलेल्या मापाची असते. दुर्बीण बदला, कंपनी बदला, नेत्रिका तीच चालते. लग्नातली पितळी पातेली तीन बिऱ्हाडं बदलून अजून स्वयंपाकघरात आहेत, तसंच हे. मोठी दुर्बीण मात्र मोठ्या सोफ्यासारखी. घर बदललं की पहिला प्रश्न तिचा.

मोठ्या दुर्बिणीचा हा त्रास आजचा नाही. विल्यम हर्शेल हा हॅनोव्हरचा वादक इंग्लंडमधल्या बाथ गावी संगीत शिकवायचा आणि घरी दुर्बिणी करायचा. 13 मार्च 1781 रोजी त्याने युरेनस शोधला तो सहा इंचांहून थोड्याच मोठ्या आरशातून. पुढे राजा तिसरा जॉर्ज याने पैसे दिले आणि हर्शेलने 40 फूट लांबीची, 48 इंची आरशाची दुर्बीण उभारली. ती 1789 मध्ये पुरी झाली. खर्च 4000 पौंड. तिच्यातून शनीचे दोन नवे उपग्रह मिळाले, हे खरं. पण ती हलवायला माणसं लागायची, आरसा दव पडून डागाळायचा, आणि हर्शेलने आपलं बहुतेक काम जुन्या 20 फुटी दुर्बिणीवरच केलं. प्रवासी मोठीला पाहायला येत, हर्शेल लहानीतून पाहत असे.

त्या घरातल्या बाईकडे तर आपण जरूर बघावं. कॅरोलाइन, विल्यमची धाकटी बहीण, 1772 मध्ये गाणं शिकायला भावाकडे आली आणि दुर्बिणींच्या संसारात अडकली. दिवाणखान्यात सुतार, झोपायच्या खोलीत लेथ! आरशाची घासाई चालू असताना विल्यमला हात उचलता येत नसे, एकदा तर सोळा तास. तेव्हा ती त्याला घास भरवत असे. हे वाचून मला आपल्याच घरच्या किती बायका आठवल्या! पण भावाने तिच्यासाठी एक लहान दुर्बीण केली होती, कमी शक्तीची, पण आकाशाचा मोठा तुकडा एकदम दाखवणारी. 1 ऑगस्ट 1786 रोजी त्या लहान दुर्बिणीतून तिने धूमकेतू शोधला, आणि पुढे एकूण आठ. 1787 पासून राजाने तिला वर्षाला 50 पौंड पगार दिला. चाळीस फुटी दुर्बीण तिच्या काय कामाची होती? तिला तिच्या हाताची, तिच्या डोळ्याची मिळाली, म्हणून हे झालं.

आज स्वस्तात मोठा आरसा मिळतो तो ज्यांच्यामुळे, ते जॉन डॉब्सन (1915-2014) तर सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठातले संन्यासी होते. जहाजाच्या गोल खिडक्यांच्या टाकाऊ काचा घासून त्यांनी आरसे केले, पुठ्ठ्याची नळी आणि प्लायवूडची बैठक केली, आणि 1968 पासून आपल्या मंडळींसह फुटपाथवर उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला चंद्र दाखवला. त्यांच्या नावाने चालणाऱ्या डॉब्सोनियन दुर्बिणी आज लाखो रुपयांत विकल्या जातात, हे त्यांना कितपत रुचलं असतं कोण जाणे.

मोठ्या आरशाची बाजूही ऐकून घ्यायला हवी, नाहीतर "हे" म्हणतील, एकतर्फी लिहिलं. आठ इंची आरसा सहा इंचीपेक्षा पावणेदोन पट प्रकाश गोळा करतो. शौरी तारकासमूहातला एम 13 हा ताऱ्यांचा गुच्छ लहान दुर्बिणीत धुरकट कापसासारखा दिसतो, बारा इंचीत साखर सांडल्यासारखा. हे कुठल्याही नेत्रिकेने होणार नाही, मान्य. पण आठ इंची दुर्बीण बैठकीसह वीस किलोच्या आसपास भरते, बारा इंची त्याच्या दुपटीच्या आसपास. जिना चढवणार कोण? साठीत पाठ धरली की ती दुर्बीण जिन्याखाली चादर पांघरून बसते आणि आपण तिच्यावरची धूळ पुसत राहतो. अंधारं आकाश मिळालं तर लहान दुर्बीणही शहरातल्या मोठीला मागे टाकते, त्यापेक्षा गावाकडची एसटी धरावी.

पैसे टाकण्याआधी दुसऱ्यांच्या नेत्रिका वापरून पाहा, हेही सुचवेन. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे. आकाशदर्शनाला जमलेली ही हौशी मंडळी आपली नेत्रिका दुसऱ्याच्या दुर्बिणीत लावून द्यायला कधी कुरकुरत नाहीत. चष्मा लावून जा आणि चष्मा लावूनच बघा. आणि एका वस्तूची मागणी तुम्हीच करा, उंची कमीजास्त होणारं स्टूल. परदेशात खगोलप्रेमी चक्क इस्त्री करताना बसायची खुर्ची यासाठी वापरतात. बसून पाहणाऱ्याला उभ्यापेक्षा जास्त दिसतं, कारण मान स्थिर राहते.

थांबायचं कुठे, या तिघींच्या प्रश्नाला आपल्याकडे जुनं उत्तर आहेच. परिग्रह-परिमाण. श्रावकाने आपली मर्यादा वस्तू घरात येण्याआधी ठरवायची असते, नंतर नाही. आमच्याकडे ठरलं आहे, तीन नेत्रिका आणि एक बार्लो. एक कमी शक्तीची कृत्तिका आणि मृगातल्या तेजोमेघासाठी, एक मधली, एक ग्रहांसाठी. चौथी आली तर आधीची एक गावच्या शाळेत जाईल. ह्यांनी कबूल केलं आहे, मी लिहून घेतलं आहे.

पावसाळ्यात मात्र लक्ष तुम्हालाच द्यावं लागेल. ते चार महिने आकाश दिसत नाही आणि दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते. एकदा धरली की काचेवरचा लेप खाते. पापड-लोणच्यात जीव होऊ नयेत म्हणून आपण जी काळजी घेतो तीच इथे. नेत्रिका कोरड्या करून, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, पुड्या अधूनमधून बदला. आणि पदराने भिंग पुसू नका, हवेच्या फुग्याने धूळ उडवा. गच्चीवर लाल कागद लावलेली विजेरी न्या. अंधाराला सरावलेले डोळे दिपत नाहीत आणि किडेही पांढऱ्या दिव्यापेक्षा कमी येतात. सूर्यास्तापूर्वी जेवणं उरकलेली असतात, म्हणजे रात्र आपलीच. आरसा तेवढा अर्धा-पाऊण तास आधी बाहेर ठेवायला सांगा, त्याला हवेइतकं थंड व्हावं लागतं.

2025 मध्ये ज्यांनी शनी पाहिला त्यांना कडी रेघेएवढीच दिसली असतील. दर पंधरा वर्षांनी असं होतं, तेव्हा दुर्बिणीला नावं ठेवू नका. आता कडी दरवर्षी थोडी थोडी उघडत आहेत आणि 2032 च्या सुमारास सगळ्यात जास्त उघडलेली असतील. तेव्हा मी सत्तरीत असेन, तुमच्यापैकी बऱ्याच जणीही. गच्चीचा जिना तेव्हा जमेल की नाही सांगता येत नाही, म्हणून आठ इंचीच ठेवली आहे. दोघांनी मिळून अंगणात उतरवता येते.